घरासाठी स्वस्तातली हॅमर ड्रिल मशीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातुरात मी मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी वायर गुंडाळतो, आणि हातमशिनी दुरुस्त करतो. उन्हाळ्यात कूलर बसवायची घाई, दिवाळीआधी पडद्यांची घाई, लग्नसराईत नव्या संसाराचं सामान लावायची घाई. या तिन्ही वेळांना फोन एकच येतो: "भाऊ, घरच्यासाठी ड्रिल मशीन घ्यायची, कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, "भिंत कसली आहे?" त्यावर बहुतेक जण गप्प होतात. मशीन बिघडून माझ्याकडे येते तेव्हा दहांतल्या पाच-सहा वेळा मूळ दोष मशिनीचा नसतोच, भिंत न ओळखता ती चालवलेली असते. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र लिहिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साधी ड्रिल मशीन आणि हॅमर ड्रिल यांत फरक काय? साध्या मशिनीनं भिंतीत भोक पडत नाही का?

साधी मशीन बिट (भोक पाडणारी टोकदार काडी) नुसतं फिरवते. लाकूड, पत्रा, प्लास्टिक यांना तेवढं पुरतं, कारण ते कापले जातात. वीट आणि काँक्रीट कापलं जात नाही, ते फोडून बारीक करावं लागतं. हॅमर ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या समोरासमोर बसवलेल्या असतात. बटण हातोडीच्या खुणेवर नेऊन मशीन दाबली की एका चकतीचे दात दुसरीवरून उड्या मारतात आणि बिट फिरता फिरता बारीक ठोकेही देतं. बटण बिटाच्या खुणेवर नेलं की तीच मशीन साधी होते. कच्च्या-मऊ विटेत साध्या मशिनीनंही भोक पडतं, पण स्लॅबमध्ये नाही. खोक्यावर 'इम्पॅक्ट ड्रिल' लिहिलेलं असतं ती हीच.

२. दुकानदार 'हॅमर' म्हणून दोन वेगळ्याच मशिनी दाखवतो. खरी कुठली?

दोन्ही खऱ्या, काम वेगळं. छोटीचा चक (बिट धरून ठेवणारा पुढचा जबडा) चावीनं आवळायचा असतो आणि त्यात गोल दांड्याचं कुठलंही बिट बसतं. मोठी ती रोटरी हॅमर. तिला चावी नसते, खाचा असलेलं एसडीएस बिट टक् करून आत जातं. तिच्या आत दट्ट्या असतो, तो हवा दाबून ठोका मारतो, त्यामुळं आपल्याला जोर लावावा लागत नाही. नावात २-२६ असेल तर काँक्रीटमध्ये २६ मिलिमीटरपर्यंत भोक पाडायची तिची ताकद आहे असं समजा. वायरमन आणि प्लंबरच्या हातात दिसते ती हीच.

घरात वर्षाकाठी वीस-पंचवीस भोकं पाडायची तर छोटी पुरे. लाकूड आणि लोखंडाचं कामही तिच्यावर नीट होतं, मोठीवर ते अवघड जातं. घर दगडी असेल तर मात्र आधी प्रश्न ९ वाचा.

३. किती वॅटची घ्यावी? १० मिलिमीटर चक की १३?

५०० ते ६५० वॅट आणि १३ मिलिमीटर चक. १० मिलिमीटरची मशीन हलकी आणि थोडी स्वस्त असते. फक्त पडदे, फोटो, घड्याळं एवढंच लावायचं असेल तर तीही चालते. पण घरात कधी ना कधी १२ मिलिमीटरचं बिट लागतंच: पाण्याची नळी बाहेर काढायची असते, केबल आत घ्यायची असते. अगदी अनोळखी नावाच्या मशिनीवर ८५० नाहीतर १००० वॅट छापलेलं दिसलं तर त्या आकड्यावर जाऊ नका, मशीन हातात घेऊन वजन बघा. तांब्याची वायर आणि जाड गिअर वजनात कळतात.

४. एका खोक्यावर 'मिनिटाला ४४,८०० ठोके' लिहिलंय, मोठ्या मशिनीवर फक्त ४-५ हजार. मग छोटीच जास्त ताकदवान ना?

नाही. हा आकडा फसवा वाटतो, पण त्याचा हिशेब सरळ आहे. चकतीला १६ दात आणि मशीन मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल तर १६ गुणिले २,८०० म्हणजे ४४,८००. हे ठोके बोटानं टिचकी मारावी तेवढे असतात. रोटरी हॅमरचे ठोके कमी, पण एकेक दोन-अडीच ज्यूलचा, म्हणजे खरोखर हातोडी मारल्यासारखा. विटेला टिचक्या पुरतात, काळ्या दगडाला पुरत नाहीत.

५. बजेट किती धरावं?

सध्या नवख्या नावांच्या मशिनी साधारण १,३०० ते १,८०० रुपयांत मिळतात, बॉश, मकिता, डीवॉल्ट, ब्लॅक अँड डेकर, स्टॅनले अशा ओळखीच्या कंपन्यांच्या घरगुती मशिनी २,२०० ते ३,५०० च्या आसपास. माझं स्पष्ट मत आहे: हातात अडीच हजार असतील तर सगळे मशिनीवर घालू नका. दोन हजार-बावीसशेची मशीन आणि उरलेल्या पैशात चार चांगली बिटं घ्या. महागड्या मशिनीला भंगार बिट लावलं तर ती स्वस्त मशिनीपेक्षा वाईट चालते.

वर्षात चारच भोकं पाडायची असतील तर मशीन घेऊच नका. ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडं दिवसाच्या भाड्यानं मिळते.

६. दुकानात काउंटरवर मशीन कशी तपासायची?

चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. दुकानदार हो-ना करत असेल तर दुसरं दुकान बघा, लातूरच्या गंजगोलाईपासून नांदेडच्या वजिराबादपर्यंत दुकानांना तोटा नाही.

मी करतो ते सांगतो. आधी चकात एक लांब सरळ बिट आवळतो. चावी तिन्ही भोकांत फिरवून आवळायची, एकाच भोकात नाही. मग बटण अगदी हलकं दाबतो आणि बिटाच्या टोकाकडं बघतो. टोक एका जागी टिंबासारखं दिसलं तर चक सरळ आहे. टोकाचा गोल घेरा दिसला तर चक नाहीतर दांडा वाकडा आहे, ती मशीन बाजूला ठेवायची. बटण हळूहळू दाबत गेल्यावर वेगही हळूहळू वाढायला हवा. धक्क्यानं एकदम पळणारी मशीन टाइल्सवर आणि पत्र्यावर हाताबाहेर जाते. नंतर उलटा फेरा बघायचा, कारण अडकलेलं बिट आणि स्क्रू काढायला तो लागतोच. बाजूची मूठ आणि भोक किती खोल गेलं ते मोजायची पट्टी खोक्यात आहे का ते बघायचं. शेवटी वायर मशिनीत शिरते ती जागा. तिथला रबर कडक असेल तर वायर वर्षभरात आतून तुटते. माझ्याकडं बंद पडून येणाऱ्या कितीतरी मशिनींत एवढंच झालेलं असतं.

मशिनीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ती का बघायची ते प्रश्न १७ मध्ये सांगितलं आहे.

७. शंभर नगांचा किट मशिनीसोबत स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

बहुतेक किटांमधली बिटं लाकडावर बरी चालतात, काँक्रीटवर दोन-तीन भोकांत टोक गोल होतं. भिंतीसाठी ६, ८ आणि १० मिलिमीटरची कार्बाइड टोकाची तीन बिटं आणि लोखंडासाठी ४ किंवा ५ मिलिमीटरचं एक एचएसएस बिट सुटं घ्या. कार्बाइडचं टोक ओळखायला सोपं आहे: दांड्याच्या पुढच्या खाचेत वेगळ्या रंगाचा छोटा तुकडा डागलेला दिसतो. एचएसएस बिट भिंतीला लावू नका, एका भोकात संपेल.

८. भिंत कसली आहे ते कसं ओळखायचं? गिलाव्यावरून तर काही कळत नाही.

भुकटीवरून कळतं. पलंगामागं किंवा कपाटाआड, जिथं दिसणार नाही अशा जागी हॅमर बंद ठेवून ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि खाली पांढरा कागद धरा. पहिले दीड-दोन सेंटिमीटर गिलाव्याची राखाडी वाळू पडते, ती मोजायची नाही. खरी भिंत त्याच्या पुढं सुरू होते.

लाल-केशरी भुकटी पडली तर भाजलेली वीट. हॅमर चालू करून सहज भोक पडेल.

फिकट राखाडी भुकटी पडत असेल आणि बिट सहज आत जात असेल तर राखेची वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक. परळीच्या औष्णिक वीज केंद्राची राख जवळ असल्यानं बीड-लातूरकडं राखेच्या विटा खूप वापरल्या जातात. त्यांना हॅमर चालतो, पण कडेजवळ भोक पाडलं तर टवका उडतो.

भुकटी राखाडीच, पण पिठासारखी बारीक, बिट हळू सरकतंय आणि मशीन ओरडतेय, तर बीम, कॉलम किंवा लिंटल (खिडकी-दाराच्या डोक्यावरचा काँक्रीटचा पट्टा) लागलं असं समजा.

पांढरी, हलकी, रव्यासारखी भुकटी पडली तर हलके एएसी ब्लॉक. नव्या अपार्टमेंटमध्ये हेच असतात. इथं हॅमर पूर्ण बंद ठेवायचा, नाहीतर ६ चं भोक ९ चं होतं आणि गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायचा प्लास्टिकचा प्लग) गरगर फिरते. त्यांच्यासाठी वेगळी, जाड पंखांची नायलॉन गिट्टी मिळते.

ओलसर पिवळी किंवा पांढरी माती पडली, किंवा काळी भुकटी पडून बिट पुढं जाईनासं झालं, तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे.

९. आमचा जुना वाडा आहे, काळ्या दगडाचा. मशीन जळायला आली तरी भोक पडेना.

थांबा, मशीन जाळू नका. मराठवाड्याचा काळा दगड म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसॉल्ट. त्याच्यापुढं छोट्या हॅमर ड्रिलचं काही चालत नाही, बिटाचं टोक तेवढं लाल होतं.

आधी दगड सोडून दगडांमधला सांधा शोधा. सांधा चुन्याचा किंवा सिमेंटचा असेल तर त्यात भोक पडतं आणि गिट्टीही धरते. दगडातच पाडायचं असेल तर रोटरी हॅमर भाड्यानं आणा.

बांधकाम मातीतलं असेल तर अडचण दुसरीच. दगड घट्ट वाटतो, पण तो मातीवर बसलेला असतो. जोरात हॅमर लावला की आतली माती झरते आणि दगड हलतो. पांढऱ्या मातीच्या भिंतीत आणि माळवदाखाली (मातीच्या सपाट छताखाली) तर हॅमर लावूच नये. तिथं जुनीच रीत चांगली: हॅमर बंद ठेवून १२ मिलिमीटरचं खोल भोक, त्यात बाभळीच्या किंवा सागाच्या वाळलेल्या लाकडाची निमुळती खुंटी ठोकायची आणि स्क्रू खुंटीत पिळायचा. आरसा, कॅलेंडर, छोटं घड्याळ यांना ती धरते. गिझर, टीव्ही अशा भिंतीवर लावू नका, खालून स्टँड करून घ्या.

१०. भूकंपानंतर बांधलेलं घर आहे, किल्लारी भागातलं. खिडकीच्या वर सगळीकडं मशीन अडते, खाली सहज भोक पडतं. असं का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं कोसळून किती माणसं गेली, ते या भागात कुणाला सांगायला नको. त्यानंतर बांधलेल्या बऱ्याच घरांत खिडकी-दाराच्या डोक्यावरून सगळ्या भिंती बांधून ठेवणारा सळयांचा काँक्रीट पट्टा घातलेला असतो. तुमची मशीन त्याच पट्ट्यावर अडते.

पडद्याच्या दांडीसाठी ६ मिलिमीटरचं, चार-पाच सेंटिमीटर खोल भोक पाडायला हरकत नाही. सळई लागली की मात्र थांबायचं. ती कापायची नाही, पट्टा फोडायचा नाही. जागा तीन-चार सेंटिमीटर बाजूला घ्या. तेवढ्यासाठी पडद्याचं मोजमाप बदललं तरी चालेल.

भूकंपाशी संबंध नसलेल्या साध्या घरातही खिडकीवर लिंटल असतंच, त्यामुळं 'पडद्याचीच भोकं पडत नाहीत' ही तक्रार सगळीकडून येते.

११. सळई लागली हे कसं कळतं?

आवाज बदलतो. खरखर थांबून किणकिण सुरू होते, मशीन मागं उडते आणि भुकटी यायची बंद होते. बिट बाहेर काढून टोक बघा, चकाकणारे ओरखडे दिसतील. घरच्या कामात सळई भेदायला जाऊ नका. स्लॅब, बीम, कॉलम कुठंही असो, जागा बदला.

१२. टाइल्स, ग्रॅनाइट, शहाबादी फरशी: तडा न जाता भोक कसं पाडायचं?

हॅमर बंद. यात सूट नाही.

टाइलवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करा, बिट घसरत नाही. भाल्यासारख्या टोकाचं टाइलचं बिट लावा, वेग कमी ठेवा, मधून मधून ओल्या फडक्यानं बिट थंड करा, पण पाणी मशिनीवर ओतू नका. टाइलच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत राहा. टाइल पार झाली, मागची वीट लागली, की भिंतीचं बिट लावून हॅमर हलका चालू करायला हरकत नाही. बिट टाइलच्या भोकाला घासू नये म्हणून टाइलचं भोक अर्धा-एक मिलिमीटर मोठं ठेवतात.

शहाबादी थरांचा दगड आहे. वरून दाबलं की भोक पार होताना खालची खपली सुटते. फरशी सुटी असेल तर खाली लाकडाची फळी ठेवून पाडा. फरशी भिंतीत बसवलेली असेल तर शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला हात अगदी सैल सोडा.

१३. गिट्टी, स्क्रू आणि बिट यांचा मेळ कसा घालायचा? गिट्टी सारखी निघून येते.

६ मिलिमीटरच्या गिट्टीला ६ चं बिट आणि ८ नंबरचा स्क्रू. ८ मिलिमीटरच्या गिट्टीला ८ चं बिट आणि १० नंबरचा स्क्रू. भोक गिट्टीपेक्षा सेंटिमीटरभर खोल हवं, कारण तळाशी भुकटी उरते. बिटावर रंगीत टेप गुंडाळून खोलीची खूण करा. पाडून झाल्यावर सायकलच्या पंपानं भोकात हवा मारा. भुकटी राहिली की गिट्टी भिंतीला न धरता भुकटीला धरते.

गिट्टी निघून यायचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे ती गिलाव्यातच राहते. गिलावा दोन सेंटिमीटर आणि गिट्टी तीन सेंटिमीटर, मग विटेत एक सेंटिमीटरच जाते. लांब स्क्रू घ्या आणि गिट्टी गिलाव्याच्या पार आत ढकला.

१४. बारशाला पाळणा टांगायचा आहे. स्लॅबला गिट्टी मारून हूक लावला तर चालेल का?

चालणार नाही. माझ्याकडं बाकी कशावरही वाद घाला, यावर घालू नका. प्लास्टिकची गिट्टी भिंतीवर आडव्या कामासाठी आहे. छतात ती सरळ खाली ओढली जाते, आणि पाळणा तर हलता भार आहे, प्रत्येक हेलकाव्याला थोडी थोडी सैल होते. आज वाटत नाही, आठ दिवसांनी निसटते.

घर बांधताना स्लॅबच्या सळईला बांधून सोडलेली कडी असेल तर तीच वापरा, आधी मोठ्या माणसानं लोंबकळून बघा. कडी नसेल तर स्टँडचा पाळणा आणा. नागपंचमीच्या झोक्याला आणि पंख्यालाही हेच लागू. पंख्यासाठी लोखंडी फास्टनर मारावा लागतो. ते काम रोटरी हॅमर असलेल्या जाणकार वायरमनला द्या.

१५. मशीन फिरते, आवाजही करते, पण भोक पडत नाही. खराब आहे का?

आधी फेरा बघा. उलट्या फेऱ्यावर राहिली असेल तर जन्मभर दाबलं तरी पडणार नाही. हसू येईल, पण दुकानात येणाऱ्या 'बिघडलेल्या' मशिनींत ही नेहमीची गोष्ट आहे. मग हॅमरचं बटण, मग बिटाचं टोक. टोक बोटाला गुळगुळीत लागलं तर बिट बदला. तिन्ही ठीक असतील तर भिंत तपासा, प्रश्न ८.

१६. मागच्या फटीतून ठिणग्या दिसतात, वासही येतो. धोका आहे का?

बारीक निळसर ठिणग्या कार्बनजवळ (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज देणारे, झिजणारे दोन तुकडे) दिसणं नेहमीचं आहे, नव्या कार्बनवर थोड्या जास्तच. गोल फिरणारी पिवळी-लाल आगीची कडी दिसली तर लगेच बंद करा. कार्बन झिजलेत किंवा आर्मेचर (मोटारीचा फिरता भाग) गेलंय. कार्बनची जोडी अगदी स्वस्त असते आणि वेळेवर बदलली तर आर्मेचर वाचतं, आर्मेचर मात्र मशिनीच्या निम्म्या किमतीला पडू शकतं. म्हणून विकत घेतानाच विचारा: हिचे कार्बन गावात मिळतात का? नसतील मिळत तर ती मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

वास येतो तो मशीन सलग दाबून धरल्यानं. दहा-पंधरा सेकंद पाडायचं, बिट बाहेर काढून भुकटी सोडायची, पुन्हा आत. तापली तर बंद करून ठेवण्यापेक्षा अर्धा मिनिट रिकामी पळवा, आतला पंखा तिला लवकर थंड करतो.

१७. गावाकडं व्होल्टेज कमी असतं. मशीन जळेल का? दोनच पिनांचा प्लग आहे, अर्थिंग नको का?

६०० वॅटची मशीन २३० व्होल्टवर साधारण २.६ अँपिअर घेते, म्हणजे घरातला साधा ६ अँपिअरचा बोर्ड पुरतो. व्होल्टेज कमी असेल तर वेग आणि जोर कमी होतो. अशा वेळी जास्त दाबलं की मोटार अडखळते आणि तापते, नुकसान तिथं होतं. हळू पाडा, किंवा संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे लागायच्या आधी काम उरका. दूर न्यायची असेल तर एक्स्टेंशनची वायर दीड स्क्वेअर मिलिमीटरची घ्या आणि गुंडाळी पूर्ण सोडा.

चौकोनात चौकोन ही खूण असेल तर मशीन दुहेरी आवरणाची आहे, तिला अर्थिंगची पिन लागत नाही. जुन्या धातूच्या बॉडीच्या मशिनीला ही खूण नसेल तर तीन पिन आणि चालू अर्थिंग हवंच. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुठलीच मशीन चालवू नका.

इन्व्हर्टरचंही विचारतात. ९०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरवर बाकी सगळं बंद करून एखाद-दुसरं भोक निघतं. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर असेल तर मोटार घुमते आणि तापते, म्हणून लाईट येईपर्यंत थांबलेलं बरं.

१८. भिंतीतली वायर किंवा पाइप कुठून गेलाय ते कसं कळावं?

औशाला मामाच्या घरी मी शेल्फ लावत होतो. स्विचबोर्ड दिसत होता, वायर त्याच्यावर सरळ वर जाते हे मला माहीत होतं, तरी 'एवढ्या वर कुठं असेल' म्हणून बोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडलं. फट् आवाज झाला, एमसीबी (वीज आपोआप तोडणारा स्विच) पडला, बिटाच्या टोकाला काळा डाग. एमसीबी होता म्हणून निभावलं. दोन फूट गिलावा फोडून नवी वायर टाकावी लागली.

तेव्हापासून बोर्डाच्या, प्लगच्या आणि दिव्याच्या सरळ वर-खाली आणि सरळ आडव्या रेषेत एक वीत जागा सोडतो. नळाच्या बाबतीतही तसंच, बाथरूमच्या भिंतीत नळ आणि शॉवर यांच्या मधली उभी पट्टी सोडायची. त्या खोलीचा एमसीबी पाडायचा आणि मशिनीला वीज दुसऱ्या खोलीतून घ्यायची. घर बांधत असाल तर गिलाव्याआधी सगळ्या भिंतींचे फोटो टेप धरून काढून ठेवा.

१९. बॅटरीवरची घ्यावी का? लोडशेडिंगचा प्रश्नच मिटेल.

लाकूड, फर्निचरचे स्क्रू, लाल वीट यांना बॅटरीची हॅमर ड्रिल छान आहे. पण वायरच्या मशिनीच्या किमतीत मिळणारी १२ व्होल्टची बॅटरी मशीन लिंटलमध्ये दम टाकते. चांगली १८-२० व्होल्टची हवी, ती बजेटच्या बाहेर जाते. दुसरं म्हणजे बॅटरीला आपला उन्हाळा सोसत नाही. ४२-४३ अंशांत पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी लवकर बसते. एकच मशीन घ्यायची असेल तर वायरचीच घ्या.

२०. मी कधी मशीन हातात धरलेली नाही. घरी पुरुषमाणूसही नसतं. जमेल का?

ताई, नक्की जमेल. ताकदीचं काम कमी आहे, उभं राहण्याचं जास्त. बाजूची मूठ लावा आणि दोन्ही हातांनी धरा. एक पाय पुढं, एक मागं, कोपर अंगाजवळ. बिट भिंतीला काटकोनात टेकवून हॅमर बंद ठेवून हळू सुरू करा. दोन-तीन मिलिमीटरची खळगी झाली की मग हॅमर. बिट अडकलं तर मशीन मनगट पिळते, म्हणून बटण सतत चालू ठेवणारी लॉकची कळ नवख्यानं वापरू नये.

पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा, सैल हातमोजे घालू नका. डोळ्यांना साधा चष्मा नव्हे, कामाचा गॉगल. काँक्रीटची भुकटी फुप्फुसात साठते, म्हणून तोंडाला मास्क. पहिली दहा भोकं अंगणातल्या सुट्या विटेत पाडून बघा. छतात पाडताना बिटावर कागदी कप भोक पाडून उलटा सरकवला की भुकटी त्यात पडते.

२१. ऑनलाइन चारशे रुपयांनी स्वस्त दिसते. कुठून घेऊ?

तुमच्या जिल्ह्याच्या गावात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेल तर ऑनलाइन घ्या. नसेल तर दुकानातून घेतलेली बरी, चारशे रुपये एका खेपेच्या एसटी भाड्यातच जातात. कुठूनही घ्या, जीएसटीचं पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड हवंच. वॉरंटी साधारण सहा महिने ते वर्षभर असते, तिच्यात कार्बन, चक आणि बिटं धरत नाहीत. बिल असूनही वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

२२. जुनी मशीन मिळतेय, सातशे रुपयांत. घेऊ?

प्रश्न ६ मधली सगळी तपासणी करा. शिवाय चक हातात धरून वर-खाली हलवा, खडखडली तर बेअरिंग गेलेलं आहे. पाच मिनिटं रिकामी चालवून मागच्या फटीशी नाक न्या, जळकट गोड वास आला तर वाइंडिंग (मोटारीतली वायरची गुंडाळी) एकदा तापून गेलंय. स्क्रूंच्या डोक्यावर ओरखडे असतील तर आत हात घातलेला आहे. काय काय बदललं ते मालकाला विचारा, सांगता आलं नाही तर सोडून द्या.

२३. याच मशिनीनं रंग ढवळता येईल का? घासायचं चाक लावता येईल का? गावाकडं एकांनी ताक घुसळताना पाहिलं.

पातळ रंग अर्धी बादली, कमी वेगावर, हॅमर बंद ठेवून चालेल. पुट्टी आणि सिमेंट नाही, घट्ट मालात आर्मेचर जातं. लोखंड कापायचं चाक अजिबात लावू नका. ड्रिलला चाकाचं आवरण नसतं आणि चाक फुटलं तर तुकडा तोंडावर येतो. लाकडाला पॉलिश पेपरची चकती लावता येते.

ताकाचं म्हणाल तर मशीन थकत नाही, पण चकातून ग्रीस आणि काँक्रीटची भुकटी खाली झडते आणि वायर भांड्याच्या तोंडाशी लोंबत असते. घरात विजेची रवी नसेल तर हातरवीच बरी.